काडतूस, एल्कच्या दूरपल्ल्याच्या शिकारीचे

एल्क अथवा वापिटी (सर्व्हस कॅनडेन्सिस) हे उत्तर अमेरिकेतील, विशेषतः रॉकी पर्वताच्या प्रदेशातील, मोठे हरीण होय. यूरोपात एल्क हे नाव मूस या वेगळ्याच प्राण्यास देतात. त्यामुळे जुनी शिकारवर्णने वाचताना घोटाळा होण्याचा संभव असतो. काश्मीरचा हंगुल हा वापिटीचा जवळचा आप्त आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सु. १·५ मी. उंच आणि सु. ३२० किग्रॅ. वजनाचा असतो. खांद्याची हाडे जाड, स्नायू भरदार आणि अंगातील चिवटपणा विलक्षण असल्याने वर्मी न लागलेली गोळी घेऊनही तो डोंगरउतारावरून दूरवर निघून जातो आणि गर्द झाडीत कोठेतरी मरून पडतो. काडतुसाच्या निवडीचा प्रश्न मुळात या जखमी होऊन हातून निसटलेल्या जनावराचा प्रश्न आहे. तो पुढे गोळीचा वेग, वजन व पल्ला यांच्या आकड्यांखाली बराचसा झाकला गेला.

काडतुसाचे पितळी पुंगळी, आघाताने पेटणारी टोपी, दारू व गोळी असे चार भाग असतात. अमेरिकेत गोळी व दारू यांचे वजन ग्रेनमध्ये (१ ग्रेन = ०·०६४८ ग्रॅ.) आणि नळीचा व्यास इंचाच्या शतांशात किंवा सहस्रांशात सांगण्याची प्रथा आहे. नावे ठेवण्याचा मात्र एकच नियम नाही. .४५-७० मधील दुसरा आकडा काळ्या दारूचे ग्रेनमधील वजन दाखवितो, तर .३०-०६ मधील दुसरा आकडा १९०६ या वर्षाचा निदर्शक आहे. नवख्याला गोंधळात टाकण्यास एवढे पुरेसे आहे.

काडतुसे प्रचारात येण्यापूर्वी एल्कची शिकार तोंडाकडून भरावयाच्या बंदुकांनी होत असे. ल्यूइस व क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५-०६ च्या हिवाळ्यात पॅसिफिक किनाऱ्यावरील फोर्ट क्लॅटसॉप येथे शंभराहून अधिक एल्क मारले व बव्हंशी त्यांच्याच मांसावर दिवस काढले. शिशाच्या गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने कमी होतो. त्यामुळे शंभर-दीडशे मीटरांच्या आत पोहोचल्याशिवाय शिकाऱ्यास बार काढणे व्यर्थ असे. ही मर्यादा शस्त्रानेच घातलेली होती व ती पाळण्यासाठी वेगळ्या संयमाची गरज नव्हती.

अमेरिकेच्या सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या .४५-७० या काडतुसात ४०५ ग्रेन (२६ ग्रॅ.) वजनाची शिशाची गोळी असे. ती एल्कच्या शरीरात खोलवर शिरे. परंतु तिचा वेग सेकंदाला सु. ४०० मी. एवढाच असल्याने मार्ग अतिशय वक्र होता. शंभर मीटरांवर नेम जुळविलेली बंदूक दोनशे मीटरांवर झाडली, तर गोळी अर्ध्या मीटरहून अधिक खाली जाई. अंतराच्या अंदाजातील लहानशी चूकही म्हणूनच घातक ठरे. थीओडोर रूझवेल्ट यांनी १८८० नंतरच्या दशकात डकोटा प्रदेशात वापरलेली .४५-७५ विंचेस्टर ही रायफल याच पिढीतील होय.

पॉल व्येय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये धूरविरहित दारू सिद्ध केली आणि हे गणित बदलले. कमी व्यासाची, तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असलेली गोळी आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने फेकता येऊ लागली. अमेरिकन सैन्याच्या .३०-४० क्रॅग (१८९२) काडतुसात २२० ग्रेनची बोथट गोळी सेकंदाला सु. ६१० मी. वेगाने जाई. अणकुचीदार टोकाची १५० ग्रेनची गोळी असलेल्या .३०-०६ स्प्रिंगफील्ड काडतुसाने १९०६ मध्ये हा वेग ८२० मी. च्या वर नेला. शिकारीसाठी त्यात पुढे १८० ग्रेनची (११·७ ग्रॅ.) गोळी रूढ झाली. एल्कच्या शिकारीत आजवर पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक काडतुसाची तुलना याच काडतुसाशी केली जाते.

सैन्याची पूर्ण आवरणाची गोळी मात्र शिकारीस निरुपयोगी ठरली. ती शरीरातून सुईसारखी आरपार जाते व जनावर जखमी होऊन पळते. टोकाकडील आवरण काढून शिसे उघडे ठेवल्यास गोळी आत शिरताच अळंबीसारखी पसरते व मोठी जखम करते. अशा पसरणाऱ्या गोळ्यांना इंग्रजीत जे नाव चिकटले, ते कलकत्त्याजवळील डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्याचे. तेथे १८९० नंतरच्या दशकात सैन्यासाठी अशा गोळ्या तयार झाल्या होत्या. हेग येथील १८९९ च्या जाहीरनाम्याने युद्धात त्यांचा वापर निषिद्ध ठरविला. शिकारीच्या कायद्याने नेमके उलट केले. कोलोराडो राज्यात एल्कसाठी गोळी पसरणारी, किमान ८५ ग्रेनची व ०·२४ इंच (६·१ मिमी.) व्यासाची असावी लागते आणि शंभर यार्डांवर (९१ मी.) तिची ऊर्जा १,००० फूट-पौंड (सु. १,३५६ जूल) असावी लागते. माणसाच्या बाबतीत क्रूर ठरलेली गोळी जनावराच्या बाबतीत दयेची ठरली, यामागील तर्क सरळ आहे : युद्धात शत्रूला निकामी करणे पुरते, शिकारीत जनावर लवकर मरणे आवश्यक असते.

धूरविरहित दारूमुळे पल्ला वाढत असतानाच एल्क मात्र दिसेनासे होत होते. यूरोपीय वसाहतीपूर्वी त्यांची संख्या सु. एक कोटी असावी, असा अंदाज केला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी ती एक लाखाच्याही खाली आली. मांस व कातडी यांसाठीची व्यापारी शिकार, शेती व गुरांची चराई ही त्याची प्रमुख कारणे होत. रूझवेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला निसटण्याची वाजवी संधी देणारी शिकार हे तत्त्व पुरस्कारिले. लेसी कायदा (१९००), जॅक्सन होल येथील एल्क आश्रयस्थान (१९१२) आणि शस्त्रे व दारूगोळ्यावरील कराचे उत्पन्न वन्य जीवांसाठी राखून ठेवणारा १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा यांमुळे परिस्थिती पालटली. आज ही संख्या सु. दहा लाख आहे. काडतुसाच्या प्रत्येक खरेदीतून एल्कच्या संवर्धनास पैसा मिळतो, हा या इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हणावा लागेल.

काडतुसांविषयीचा प्रसिद्ध वाद दोन महायुद्धांमधील काळात सुरू झाला. विंचेस्टर कंपनीने १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर हे काडतूस बाजारात आणले. त्यातील १३० ग्रेनची (८·४ ग्रॅ.) हलकी गोळी सेकंदाला सु. ९५० मी. वेगाने जात असल्याचे सांगितले जाई. आउटडोअर लाइफ या मासिकाचे शस्त्रविषयक संपादक जॅक ओकॉनर यांनी अनेक वर्षे तिचा हिरिरीने पुरस्कार केला. आयडाहोचे एल्मर कीथ यांचा पक्ष याच्या उलट होता. मोठ्या व्यासाची, जड, संथ गोळीच कोणत्याही कोनातून एल्कच्या फुप्फुसापर्यंत पोहोचते, असे ते आग्रहाने सांगत. त्यांच्या सहभागाने घडलेल्या प्रायोगिक काडतुसांचा वारसा पुढे .३३८ विंचेस्टर मॅग्नम (१९५८) या काडतुसाकडे आला. वाचकांनी या दोघांना एकमेकांचे कट्टर वैरी मानले. पण दोघांच्याही लेखनात गोळी कोठे लागते याला पहिले स्थान होते, ही गोष्ट त्यांच्या अनुयायांनी सोयीस्करपणे दुर्लक्षिली.

मोठ्या पुंगळीच्या ‘मॅग्नम’ काडतुसांचा उगम इंग्लंडमधील हॉलंड अँड हॉलंड या कंपनीच्या .३७५ (१९१२) व .३०० (१९२५) या काडतुसांत आहे. ओहायओतील कँप पेरी येथे १९३५ साली .३०० हॉलंड अँड हॉलंड काडतुसाने हजार यार्डांची विंबल्डन चषक स्पर्धा जिंकल्यावर अमेरिकेत त्यांचा बोलबाला झाला. रॉय वेदर्बी यांचे .३०० वेदर्बी मॅग्नम (१९४४), ७ मिमी. रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) व .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) ही या परंपरेतील पुढील नावे होत. शेवटची दोन काडतुसे दूरवरच्या एल्कसाठी आजही विशेष प्रचारात आहेत.

वेग वाढताच गोळीच कमकुवत ठरू लागली. जवळून झाडलेली वेगवान गोळी हाडावर आपटून फुटे व आत शिरत नसे. जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या शिकारीत हाच अनुभव आला. त्यांनी गोळीच्या मध्यभागी आवरणाच्याच धातूचा आडवा पडदा ठेवला. त्यामुळे पुढचा अर्धा भाग पसरतो व मागचा अखंड राहून आत शिरतो. ‘पार्टिशन’ या नावाची ही गोळी १९४८ पासून विकली जाऊ लागली. ओकॉनर-कीथ वादाचा निकाल कोणत्याही काडतुसापेक्षा या गोळीनेच अधिक लावला, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण हलक्या गोळीवरील मुख्य आक्षेपच तिने दूर केला.

एल्कपाशी पोहोचताना गोळीत १,५०० फूट-पौंड (सु. २,००० जूल) ऊर्जा शिल्लक असावी, असा एक नियम शिकाऱ्यांमध्ये प्रचलित आहे. त्याला शरीरशास्त्राचा आधार दुबळा आहे. मृत्यू येतो तो हृदय, फुप्फुसे वा मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्याने. जुलांची संख्या स्वतः काहीच फाडत नाही. निवडीच्या दृष्टीने अधिक उपयुक्त मर्यादा वेगाची आहे : बऱ्याच गोळ्या सेकंदाला सु. ५५० मी. च्या खाली नीट पसरत नाहीत. ज्या अंतरावर वेग याखाली जातो, तेथे त्या काडतुसाचा शिकारीचा पल्ला संपला असे समजावे, मग कागदावरील लक्ष्य भेदण्याची त्याची क्षमता कितीही असो.

मॅग्नम काडतुसाची किंमत शिकाऱ्याच्या खांद्याला मोजावी लागते. सारख्या वजनाच्या रायफलीत .३३८ विंचेस्टर मॅग्नमचा धक्का .३०-०६ च्या दीडपटीहून अधिक असतो. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना अंग आखडते व नेम चुकतो. थोड्या जागी लागलेल्या जड गोळीपेक्षा योग्य जागी लागलेली हलकी गोळी श्रेष्ठ, हे अनुभवी शिकारी जाणतात. दुकानातून बाहेर पडताना मात्र बहुतेकांच्या हाती मोठेच काडतूस असते.

एकविसाव्या शतकात भर वेगावरून गोळीच्या आकारावर गेला. लांब, निमुळती गोळी हवेचा रोध सहज भेदते व वाऱ्याने कमी ढळते. पण ती स्थिर राहण्यासाठी जलद फिरावी लागते. गोळीची लांबी व नळीतील सर्पिल खाचांचा पीळ यांचा संबंध जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच सूत्रबद्ध केला होता. ६·५ क्रीडमोर (२००७) व ७ मिमी. पीआरसी (२०२२) ही हॉर्नडी कंपनीची काडतुसे याच तत्त्वावर रचलेली आहेत. जुन्या ७ मिमी. रेमिंग्टन मॅग्नमच्या नळीत खाचांचा एक फेरा सु. २४ सेंमी. त पुरा होतो, तर नव्या काडतुसासाठी तो २० सेंमी. त पुरा होतो. ६·५ क्रीडमोर मुळात स्पर्धेसाठी निर्मिलेले असल्याने त्याचा धक्का सौम्य आहे. मोठ्या नर एल्कसाठी मात्र ते सु. ३५० मी. पलीकडे वापरू नये, हे मत ग्राह्य वाटते.

१९९० नंतरच्या दशकात लेसर अंतरमापक शिकाऱ्याच्या खिशात आले व गोळीच्या घसरणीचा प्रश्न बराचसा सुटला. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी, नेम सु. १८० मी. ला जुळविलेला असता, ४५० मी. वर एक मीटरपेक्षा थोडी अधिक खाली येते. हे आता अगोदर मोजता येते. वाऱ्याचे तसे नाही. ताशी १६ किमी. वेगाचा आडवा वारा याच अंतरावर तिला सु. अर्धा मीटर बाजूला ढकलतो, आणि एल्कचे वर्मस्थान सु. ४० सेंमी. रुंदीचे असते. दरीच्या अलीकडे एक व पलीकडे दुसरा वारा असतो. शिवाय गोळीला तेथवर जाण्यास सु. दोनतृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात चालता एल्क जवळजवळ एक मीटर पुढे सरकतो व फुप्फुसावर धरलेला नेम पोटावर लागतो. नवी काडतुसे वाऱ्याची चूक सु. एकतृतीयांशाने कमी करतात. जनावराने टाकलेल्या पावलावर त्यांच्याकडे फारसा उपाय नाही.

बून अँड क्रॉकेट क्लबने अतिदूर अंतरावरून केवळ नेमबाजीची कसोटी पाहण्यासाठी जनावरावर गोळी झाडणे हे शिकारीच्या व्याख्येत बसत नाही, अशी भूमिका घेतली आहे. आयडाहो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दुर्बिणीसह १६ पौंडांहून (७·३ किग्रॅ.) जड रायफल वापरण्यास बंदी आहे. गोळीच्या धातूविषयीही निर्बंध आले आहेत. शिशाचे कण मृत जनावराच्या अवशेषांतून कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांना विषबाधा होत असल्याने त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या अखंड तांब्याच्या गोळ्यांचा प्रसार त्यामुळे वाढला. तांबे शिशाहून कमी घन असल्याने सारख्या वजनाची गोळी अधिक लांब होते, तिला जलद पिळाची नळी लागते आणि पसरण्यासाठी शिशाच्या मऊ गोळीपेक्षा सामान्यतः अधिक वेग लागतो. त्यामुळे त्याच काडतुसाचा शिकारीचा पल्ला काहीसा आखूड होतो.