ॲबिंग्डनच्या हातची गाडी

ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात यंत्राने सरकणारा पट्टा शेवटपर्यंत आला नाही. थेम्सच्या काठावरच्या या गावात पन्नास वर्षं मोटारी बांधल्या गेल्या, त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली, तरी अर्धवट जोडलेली गाडी एका गटाकडून पुढच्या गटाकडे जायची ती माणसांनी हाताने लोटून. बॉडी बाहेरून यायची, इंजिन बाहेरून यायचं, ॲक्सल बाहेरून यायचा. ॲबिंग्डनचं काम जोडायचं, तपासायचं आणि रस्त्यावर सोडायचं.

मी याच गावात राहते. माझ्याकडे १९७२ची एमजीबी आहे, छत मागे टाकता येणारी, दोन माणसांची, निळसर हिरव्या रंगाची. ती जिथे जोडली गेली ती जागा माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्याकडच्या पाहुण्यांना ही गाडी दाखवली की बहुतेकांना संस्थानिक आठवतात, त्यांची गॅरेजं आणि शिकारीचे फोटो आठवतात. मला दर वेळी सांगावंसं वाटतं की ही त्या घराण्यातली गाडी नव्हे. एमजी जन्मली ती पगारदार माणसाच्या मोटारीच्या पोटी, आणि ती अजून चालते आहे तीही त्याच कारणाने.

विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डचा सायकल दुरुस्त करणारा माणूस पुढे इंग्लंडमधला मोठा मोटार कारखानदार झाला. त्याचं विक्री-दुरुस्तीचं दुकान म्हणजे मॉरिस गॅरेजेस, आणि त्याच दोन आद्याक्षरांची ही गाडी. १९२२मध्ये सेसिल किंबर तिथे मॅनेजर झाला. किंबरने मॉरिसच्या साध्या घरगुती मोटारीची चासी घ्यायची, तिच्यावर हलकी, देखणी बॉडी चढवायची, इंजिन थोडं तेज करायचं आणि ती वेगळ्या नावाने विकायची, असा उद्योग सुरू केला. १९२९च्या एम-टाइप मिजेटमध्ये मॉरिस मायनरचं ८४७ सीसीचं इंजिन होतं आणि किंमत होती १७५ पौंड. स्पोर्ट्‌स कार ही चीज कारकून, शिक्षक, तरुण डॉक्टर अशांच्या आवाक्यात आली ती इथे. मागणी इतकी वाढली की ऑक्सफर्डची जागा पुरेना, म्हणून त्याच वर्षी किंबरने ॲबिंग्डनमधल्या पाव्हलोव्हा नावाच्या चामड्याच्या कारखान्याचा रिकामा भाग घेतला.

तिथली पहिली पाच-सहा वर्षं शर्यतींची. १९३३मध्ये के-थ्री गाड्यांनी इटलीच्या मिले मिलियात आपल्या गटात बाजी मारली, आणि त्याच वर्षी खुद्द नामवंत शर्यतपटू ताझिओ नुव्होलारीने अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी के-थ्रीमधून जिंकली. १९३५मध्ये मॉरिसने एमजी आपल्याच मोठ्या कंपनीत मिसळून टाकली, शर्यती बंद केल्या आणि आरेखनाचं काम मॉरिसच्या काउलीच्या कारखान्यात हलवलं. युद्धात ॲबिंग्डनच्या माणसांनी रणगाडे दुरुस्त केले. वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचं काम घेतलं म्हणून १९४१मध्ये किंबरला काढून टाकण्यात आलं. १९४५च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ रेल्वे अपघातात तो गेला. पुढे जगभर त्याच्या गाडीचं जे कौतुक झालं, ते पाहायला तो राहिला नाही याची हळहळ मला अजून वाटते.

कारण खरं कौतुक सुरू झालं त्याच वर्षाच्या शरदात. ब्रिटनवर कर्जाचा डोंगर होता आणि पोलाद मिळायचं ते निर्यात करणाऱ्यालाच. ॲबिंग्डनकडे नवं काही तयार नव्हतं, म्हणून युद्धाआधीचं मॉडेल थोडं रुंद करून त्यांनी टीसी बाहेर काढली. ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर ठोकलेला पत्रा, एकोणीस इंची बारीक तारांची चाकं, १२५० सीसीचं इंजिन, आणि स्टिअरिंग फक्त उजवीकडे. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, तरी तिथल्या माणसांनी ती घेतली. टीसीचं उत्पादन १९४९पर्यंत सुमारे दहा हजारांवर थांबलं, त्यातल्या सुमारे दोन हजार अमेरिकेला गेल्या. संख्येने ते फार नव्हतं, पण अमेरिकेत स्पोर्ट्‌स कारचं वेड लागलं ते या दोन हजारांमुळे. लगेच १९५०ला आलेल्या टीडीला डावं स्टिअरिंग मिळू लागलं, आणि जवळजवळ तीस हजार टीडींपैकी बहुसंख्य अटलांटिक ओलांडून गेल्या.

टीसीच्या इंजिनाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याचे बोल्ट खोलायला इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा पाना लागतो, पण बोल्टचे आटे मात्र मेट्रिक आहेत. इंग्लंडात त्या काळी मेट्रिक आटे कुठून आले? मॉरिसचा इंजिन कारखाना होता कॉव्हेंट्रीत, आणि तो त्याने हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून विकत घेतला होता. हॉचकिसची यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे फ्रेंच. बोल्टचं डोकं मात्र इंग्रज फिटरच्या पेटीतल्या पान्याला बसेल असं ठेवलं. एका बोल्टात दोन देशांच्या मोजमापांचा समेट झाला आणि तो युद्धानंतरही टिकला. असे तपशील मला शर्यतींच्या चषकांपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. कारखान्याचा खरा इतिहास बोल्टवर लिहिलेला असतो.

त्यानंतरची एमजीए १९५५ला आली, खरं तर ती तीन वर्षं आधीच यायची. जॉर्ज फिलिप्स या चालकासाठी १९५१च्या ल मांसच्या शर्यतीला ॲबिंग्डनने टीडीच्या चासीवर एक बुटकी, गुळगुळीत बॉडी चढवली होती. बॉडी खाली आली, पण चालक चासीच्या दांड्यांवर बसलेला, त्यामुळे तो अर्धा वाऱ्यात. सिड एनेव्हर या ॲबिंग्डनच्या अभियंत्याने उपाय काढला: चासीचे दोन्ही दांडे बाहेरच्या बाजूला सरकवायचे आणि माणसांना त्यांच्या मध्ये खाली बसवायचं. एमजीएचं सगळं रूप या एका बदलातून आलं. पण तोवर मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र होऊन बीएमसी झाली होती आणि मुख्याधिकारी लेनर्ड लॉर्ड यांनी १९५२ला ऑस्टिन-हीली या स्पोर्ट्‌स कारला आधीच हो म्हटलं होतं. एनेव्हरचं आरेखन फडताळात गेलं. टीडीनंतरच्या टीएफची विक्री ढासळल्यावर ते बाहेर आलं, आणि एमजीए एक लाखाच्या वर गेली.

आता त्या इंजिनाकडे येते, ज्यामुळे माझा या सगळ्याशी संबंध आला.

माझे वडील, आप्पा, कोल्हापुरात शाहूपुरीत गॅरेज चालवायचे. त्यांच्याकडे मुख्यतः ॲम्बॅसडर यायच्या: सरकारी खात्यांच्या, साखर कारखान्यांच्या, भाड्याने चालणाऱ्या. ॲम्बॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, मूळची काउलीची, ॲबिंग्डनहून दहा-बारा किलोमीटरवरची. हिंदुस्थान मोटर्सने ती उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि साठ साल उजाडण्याच्या सुमारास तिच्यात बीएमसीचं बी-सीरीज इंजिन आलं, १४८९ सीसीचं. पहिल्या एमजीएत हेच इंजिन होतं. तेवढीच क्षमता, तीच तीन मेन बेअरिंगं. फरक मुख्यतः वरच्या भागात: एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन, म्हणून ताकद सुरुवातीला अडुसष्ट हॉर्सपॉवर, ॲम्बॅसडरची पन्नासच्या आसपास. माझ्या एमजीबीत त्याच इंजिनाचं बोअर वाढवून १७९८ सीसी केलेलं आहे आणि १९६४पासून त्याला पाच बेअरिंगं मिळाली. पण हेड उघडलं की कोल्हापूरचा कोणीही जुना मिस्त्री क्षणात ओळखेल.

आप्पा टॅपेट लावायचे ते नऊच्या हिशेबाने. आठ व्हॉल्व्ह एका ओळीत. एक नंबरचा पूर्ण उघडा असेल तेव्हा आठ नंबरचा टॅपेट लावायचा, तीनचा उघडा असेल तेव्हा सहाचा, पाचचा असेल तर चारचा. बेरीज नेहमी नऊ. फिलर गेजची पट्टी पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि ती सरकताना बोटाला किती ओढ लागली पाहिजे हे त्यांनी माझं बोट पट्टीवर ठेवून शिकवलं. मी तेव्हा शाळेत होते. हाच हिशेब ॲबिंग्डनच्या जुन्या फिटरांच्या तोंडी मी ऐकला, त्यांच्या भाषेत, त्याच पंधरा थाऊंसह. दोन्ही गावांत तो पुस्तकातून कमी आणि हातातून जास्त पोचला होता.

एमजीबी १९६२ला आली. करासकट साडेनऊशे पौंडांच्या आत. चासीचे वेगळे दांडे गेले, बॉडीच चासी झाली, काचा दारात खाली-वर होऊ लागल्या. बॉडी स्विंडनच्या पत्र्याच्या कारखान्यातून यायची. सीटमागच्या फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की ती थांबते, मग चोक ओढून स्टार्टर मारायचा. मागे पाटे, पुढे किंगपिन, आणि किंगपिनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यायचंच. एसयूच्या वरच्या नळीत थोडं ऑइल असावं लागतं, नाहीतर पाय दाबल्यावर गाडी अडखळते. मला गाडी चालवताना सगळ्यात आवडतो तो दुसऱ्या गियरवर चढ काढतानाचा आवाज. इंजिन घाई करत नाही, खालच्या फेऱ्यांपासूनच ओढतं. लोक या गाडीला संथ म्हणतात. माझ्या मते बी-सीरीजचा हा स्वभाव घरगुती मोटारीचाच आहे आणि तो तिचा सगळ्यात चांगला गुण आहे. घाटात भरलेली ॲम्बॅसडर ज्या धीराने चढायची, तोच धीर इथे आहे.

सत्तरच्या दशकात ॲबिंग्डनमधून वर्षाला पन्नास हजारांवरही गाड्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला. म्हणून अमेरिकेचे नियम ॲबिंग्डनला पाळावे लागले. १९७४च्या शेवटी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि ते ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून गाडी थोडी वर उचलली. वळणावर ती झुकू लागली. त्या काळातल्या मालकांनी, म्हणजे ब्रिटिश लेलंडने, नव्या मॉडेलवर पैसा घातला नाही, जुनंच वाकवत राहिले. हा निर्णय मला आजही पटत नाही.

मग सप्टेंबर १९७९. एमजी ॲबिंग्डनला आल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गावाने उत्सव केला. गावच्या मोरलंड ब्रुअरीने त्यासाठी खास बिअर केली, ‘ओल्ड स्पेकल्ड हेन’. कारखान्यात सामान आणायला-न्यायला एक जुनी गाडी होती, पेंटशॉपबाहेर उभी राहून तिच्या अंगावर रंगाचे ठिपके उडालेले. बिअरचं नाव तिच्यावरून. उत्सव संपतो न संपतो तोच १० सप्टेंबरला, सोमवारी, ब्रिटिश लेलंडने कारखाना बंद करण्याचा इरादा जाहीर केला. पौंड महाग झाल्याने अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक एमजीबीमागे नऊशे पौंडांचा तोटा होतो, असं कंपनीचं म्हणणं. कामगारांनी ते मानलं नाही. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने कारखाना घ्यायचा प्रयत्न केला, पैसे उभे राहिले नाहीत. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. त्या जागेवर आता घरं, कचेऱ्या आणि पोलिसांची इमारत आहे. शेजारच्या किंबर हाउसमध्ये एमजी कार क्लब. नाव विकत विकत चीनच्या सैक कंपनीकडे गेलं आणि गुजरातेतल्या हलोलमध्ये त्या नावाच्या गाड्या बनू लागल्या. पुण्याच्या रस्त्यांवर दिसणारी एमजी ती.

जुन्या गाड्या मात्र मेल्या नाहीत. ब्रिटिश मोटर हेरिटेजने पत्रा दाबण्याचे मूळ साचे शोधून काढले आणि १९८८ला जवळच्याच फॅरिंग्डनमध्ये एमजीबीच्या कोऱ्या बॉड्या बनवायला सुरुवात केली. गंजाने सिल खाल्लेली गाडी आता नव्या बॉडीत उतरवता येते. गॅस्केट, बुश, पाटे, सीटची कव्हरं, सगळं मिळतं, कारण पाच लाखांवर एमजीबी बनल्या आणि त्यांचे भाग साध्या मोटारींचे होते. महागड्या, मोजक्या बनलेल्या गाड्यांच्या मालकांना हे सुख नाही. २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीची सक्ती राहिली नाही, तरी मी ती करून घेते. २०२१मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हा पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या.

या हिवाळ्यात ओळखीतल्या एकांच्या १९५८च्या एमजीएचं हेड उतरवायचं आहे. १४८९ सीसी, तीन बेअरिंगचं. ते मूळचं शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं, आणि ते पेट्रोल इथे २०००पासून पंपांवरून गेलं. म्हणून एग्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवायच्या. ते काम मशीनशॉपला देईन. टॅपेट मी लावीन.