समुद्रसर्पांनी दाखविलेला किनारा

सोळाव्या शतकात लिस्बनहून गोव्यास येणारी व्यापारी जहाजे दरसाल मार्च-एप्रिलच्या सुमारास शिडे उभारीत. हा मुहूर्त वाऱ्याने ठरविलेला असे. आफ्रिकेचे दक्षिण टोक वेळेवर ओलांडले, तर मोझांबिकला विसावा घेऊन, ताजे पाणी भरून पुढे जाता येई. उशीर झाल्यास मात्र मादागास्करच्या बाहेरून, वाटेत एकही बंदर न गाठता, थेट हिंदुस्थानाकडे यावे लागे.

४ एप्रिल १५७९ रोजी अशी पाच जहाजे लिस्बनहून निघाली. त्यांवर खलाशी व शिपाई तर होतेच, शिवाय पुष्कळशी मुलेही होती. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइटही याच ताफ्यातून आले. गोव्यास उतरल्यावर १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना पत्र लिहिले आणि त्यात या सफरीची हकीकत सांगितली.

त्यांच्या जहाजास उशीर झाला होता. म्हणून बाहेरची वाट धरणे भाग पडले. अन्नपाणी तुटपुंजे झाले. हिरड्या सुजून कापाव्या लागत, पाय सुजत, हातपाय हलविण्याचेही त्राण उरत नसे. ताज्या फळांच्या व भाज्यांच्या अभावी होणारा हा स्कर्व्ही रोग. पण त्याचे खरे कारण त्या काळी कोणास उमगले नव्हते. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. इतर वर्षांच्या मानाने ही हानी थोडीच, असे जहाजावरचे लोक समजत!

त्यात आणखी एक संकट उभे राहिले. दुपारच्या सूर्याची उंची मोजून आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत, हे सुकाणूदारांस कळे. परंतु पूर्वेस वा पश्चिमेस किती आलो, हे मोजण्याचे भरवशाचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. अचूक सागरी घड्याळ तयार होण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. हिंदुस्थान जवळ आला अशा समजुतीने ते चालले असता, प्रवाहांनी जहाज तांबड्या समुद्राच्या वाटेवरील सोकोत्रा बेटाकडे ओढून नेले होते. पुढे ईशान्येचा वारा सुटल्यामुळे त्यांना नाइलाजाने पूर्वेकडे वळावे लागले. दहा दिवस गेले, तरी जमिनीची खूण दिसेना. तेव्हा कोठे चूक ध्यानात आली.

अखेर ओळखीचे पक्षी दिसले. मग माडाच्या झावळ्या व लव्हाळे वाहत आले. शेवटी पाण्यावर पोहणारे साप आणि नाण्यासारखे वाटोळे, जणू निसर्गानेच ठसा उमटविलेले काही पदार्थ दृष्टीस पडले. या शेवटच्या दोन खुणा पटल्या आणि वारा अनुकूल असला, की दुसऱ्या दिवशी किनारा दिसावयाचाच, असा दर्यावर्दींचा अनुभव होता. तो या वेळीही खरा ठरला. हीच सर्पांची खूण पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही नमूद आहे. दीड हजार वर्षांत जहाजे बदलली, त्यांचे धनी बदलले. परंतु आमच्या किनाऱ्याची ही निशाणी कायम राहिली.

२४ ऑक्टोबरला जहाज गोव्यास लागले. परतीच्या प्रवासात अशाच जहाजांतून मिरी व कापड युरोपास जाई. त्यांच्या बाजारभावात त्या सत्तावीस जणांची गणना कधीच झाली नाही. वाचलेल्यांपैकी एकाने मात्र याच भूमीची भाषा आपलीशी केली. १६१६ साली छापून निघालेल्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते हेच थॉमस स्टीफन्स होत.