कागदावरचे स्वर

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या कोर्टात अर्ज हिंदीत आणि पक्षकाराचे गाऱ्हाणे मराठीत, हा नित्याचा प्रकार. म्हणूनच की काय, दोन परंपरा एका पानावर मांडणाऱ्या अँथनी गोन्साल्विस यांच्याविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा वाटतो. गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेल्या या व्हायोलिनवादकाने मुंबईच्या चित्रपटसृष्टीत इतरांच्या चालींवर वाद्यवृंदाचा साज चढविला. पुढे १९५८ साली ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारून त्यांनी स्वतःच्या रचना मंचावर आणल्या. आपले राग पाश्चात्त्य स्वरमेळात बसविलेले, आणि गावयास लता मंगेशकर व मन्ना डे!

त्याच वर्षीच्या जानेवारीत १९५७ चा कॉपीराइट अधिनियम अमलात आला. त्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे जे लिहिलेले वा छापलेले तेच संगीत; ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. गंमत अशी, की वाद्यवृंदासाठी स्वर कागदावर उतरवीत ते गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेले हेच कलावंत. आणि पडद्यावरील नामावलीत बहुधा त्यांचीच नावे नसत.

गोन्साल्विस पुढे अमेरिकेस गेले, परतून माजोर्ड्यास राहिले आणि २०१२ साली निवर्तले. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातील गीतामुळे. त्याच्या संगीतकारांपैकी प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. ते गीत गुणगुणणाऱ्या कित्येकांस या नावाचा खरा माणूस होता, हेच ठाऊक नसते.