घरकुलाच्या यादीत नाव येतं कसं? सर्व्हेपासून जिओ-टॅगपर्यंत सगळी माहिती

"आमचं घर पडायला आलंय, मग यादीत नाव का नाही?" हा प्रश्न आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणपासून सोयगावपर्यंत ऐकू येतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे मला ही यादी म्हणजे एक डेटाबेस दिसतो. त्यात तुमच्या कुटुंबाची नोंद नसेल, तर सिस्टिमसाठी तुमची गरजच अस्तित्वात नाही. म्हणून ही नोंद कशी तयार होते, ते समजून घेऊया.

यादी कुठून आली?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. तिची पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून बनली. त्यातून बेघर कुटुंबं आणि कच्च्या भिंती-छपराच्या एक-दोन खोल्यांत राहणारी कुटुंबं निवडली गेली आणि ग्रामसभेने त्यांची पडताळणी केली. जे सुटले, त्यांच्यासाठी जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात 'आवास प्लस' सर्व्हे झाला. २०२४ मध्ये केंद्राने आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली आणि 'आवास प्लस २०२४' हे ॲप आलं.

ॲप काय नोंदवतं?

आधार, चेहऱ्याची पडताळणी, कुटुंबातले सदस्य, बँक खातं आणि सध्याच्या घराचा फोटो. हा फोटो जिओ-टॅग असतो, म्हणजे त्याच्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश सेव्ह होतात. या सर्व्हेत सर्व्हेअरसोबतच स्वतः माहिती भरण्याचीही सोय दिली गेली. घर मंजूर झाल्यावर बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचा असाच फोटो 'आवाससॉफ्ट' या सिस्टिममध्ये जातो आणि सपाट भागातल्या घरासाठीचे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने खात्यात येतात.

नाव गळतं कुठे?

मराठवाड्यातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मधल्या काळात सर्व्हेअर आला, तर त्याला दाराला कुलूप दिसतं. कुणाचं आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही. ज्यांना दारच नाही, त्यांची मोजणी तर आणखी अवघड. २०११ च्या जनगणनेत बेघरांना २८ फेब्रुवारीच्या रात्री, ते झोपतात तिथे जाऊन मोजलं होतं. देशभरात सुमारे १७.७ लाख लोक नोंदले गेले. त्या रात्री जो नजरेला पडला नाही, तो आकड्यातही आला नाही.

फोनवर कसं तपासायचं?

१. योजनेच्या अधिकृत वेबसाइटवर 'आवाससॉफ्ट'मधून 'रिपोर्ट'मध्ये जा.
२. 'सोशल ऑडिट रिपोर्ट्स'खाली लाभार्थ्यांच्या तपशिलाचा पर्याय निवडा.
३. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष आणि योजना भरा. कॅप्चामधलं छोटं गणित सोडवलं, की मंजूर लाभार्थ्यांची यादी दिसते.

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. त्यामुळे जुने आकडे शोधताना 'औरंगाबाद' टाका. रमाई, शबरी आणि मोदी आवास या राज्याच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांची चौकशीही वेगळी करा.

नाव नसेल तर?

ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा हजर राहा. ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीची कुठेच नोंद राहत नाही. आणि हो, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल टाकू नका, ओटीपी कुणाला सांगू नका.

पुढची जनगणनाही मोबाइल ॲपवर होणार आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे ऊसतोडीचाच हंगाम. तुमच्या गल्लीत कुणाचं घर तेव्हा बंद असणार आहे, हे सर्व्हेअरला माहीत नसतं, तुम्हाला असतं. त्यांना आधी एक फोन करून ठेवा.