तंजावरचा राजाश्रय आणि बालपुस्तकांचे पुरस्कार

लहान मुलांच्या पुस्तकाचे गिऱ्हाईक आणि त्याचा वाचक हे कधीच एक नसतात. दोन-तीन वर्षांचे मूल पुस्तक विकत घेत नाही, की त्याची तारीफ चारचौघांत करत नाही. ते निवडणारा, छापणारा आणि त्याला चांगले म्हणणारा नेहमी कोणी मोठा माणूसच असतो. त्यामुळे अशा पुस्तकांचा इतिहास बराचसा त्यांना आश्रय देणाऱ्यांचा इतिहास आहे. आजचे पुरस्कार हेही त्या आश्रयाचेच एक रूप. मराठीतला त्याचा पहिला छापील दाखला मुंबई-पुण्याकडचा नाही, तंजावरचा आहे.

दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सत्ता गेली, तरी तैनात उरली. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या या राजाने ती ग्रंथसंग्रह, वैद्यक आणि शाळांवर खर्च केली. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना उभा केला. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी तिथून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाल्या. पेशवाई बुडायला तेव्हा अजून १२ वर्षे होती. विक्रीचा हिशेब मांडला असता, तर तमिळ मुलखात मराठी मुलांसाठी पुस्तक निघालेच नसते.

मात्र हा आश्रय टिकाऊ ठरला नाही. इसाप मराठी मुलांना पुन्हा भेटला तो मुंबईत, १८२८ मध्ये, सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या हातून. तंजावरची मराठी वस्तीच मूठभर, मग तिथले पुस्तक पसरणार कसे, असे कोणी विचारेल. ते खरेच आहे. पण छत्र्यांच्या पुस्तकामागे शाळा आणि शाळापुस्तके काढणारी मंडळी होती. पुस्तक निघाल्यावर ते मुलापर्यंत नेणारी वाट तयार होती. तंजावरची वाट दरबाराच्या पलीकडे फारशी गेली नाही. राजाश्रय आधी पैसे देतो आणि पुरस्कार मागाहून गौरव करतो, तेव्हा ही तुलनाच चुकीची, असाही आक्षेप येईल. पण दोन्हींत निवड मुलाच्या हाती नसते आणि दोन्ही पुस्तकाच्या जन्मापाशीच थांबू शकतात.

चित्रपुस्तकांच्या बाबतीत हे अधिक बोचते. अमेरिकेत चित्रकाराच्या कामासाठी कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून दिले जाते. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० मध्ये सुरू झाला, तोही लेखकासाठी. ज्या वयाला अक्षर येत नाही, त्याच्या पुस्तकात चित्र हाच मजकूर असतो. तिथे चित्रकाराला वगळणे म्हणजे अर्धे पुस्तकच वगळणे. माधुरी पुरंदरे यांना २०१४ मध्ये हा पुरस्कार मिळाला. त्या स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रेही काढतात, म्हणून त्यांच्याबाबतीत हा प्रश्न झाकला गेला. बाकीच्या चित्रकारांसाठी तो तसाच आहे. पुरस्कार नकोत असे मुळीच नाही. पण त्यात लेखक आणि चित्रकार यांचा वाटा बरोबरीचा असावा, आणि निवडलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारने अंगणवाड्यांत पोचवाव्यात. मानपत्र मोठ्यांसाठी असते. मुलाला पुस्तक हातात मिळाले, तरच तो पुरस्कार त्याचा.