लिंबाचा डहाळा

जांबला रामनवमीच्या यात्रेत गेलं की समर्थ रामदासांच्या लग्नाची गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. सूर्याजीपंत ठोसरांचा धाकटा मुलगा नारायण, 1608चा जन्म, बाराव्या वर्षी बोहल्यावरून पळाला, एवढं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गावातली म्हातारी माणसं मात्र गोष्ट त्याच्या आधीपासून धरतात. लग्नाचं नाव काढलं की नारायण रानात पळे, झाडावर चढून बसे. शेवटी आईनं, राणूबाईंनी, त्याला जवळ बसवून शब्द घेतला, अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचं नाही. मुलानं शब्द दिला आणि पाळलाही. हळद लावून घेतली, मुंडावळ्या बांधू दिल्या, पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरू दिला. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि नवरदेव मांडवाबाहेर. शब्द कसा मोडला नाही हे सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा फुलतो.

माझ्या आजीला ही गोष्ट कधी पटली नाही.

आजी बायबलबाई होती. मिशनचा तुटपुंजा पगार, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका, आणि पायी गावोगाव हिंडणं. जांबच्या शिवारापलीकडे एका गावात, वस्तीच्या टोकाला तिचं दोन खणांचं घर होतं. यात्रेत ती पुस्तकं विकायला यायची. फार कुणी घेत नसे, पण तिला हाकलूनही कुणी देत नसे. जांबातल्या एका म्हाताऱ्या ब्राह्मण विधवेशी तिचं चांगलं जमे. सगळा गाव त्या बाईंना काकू म्हणे. काकू तिला अंगणात बसवत, तास तास बोलत, आणि पाणी मात्र वरून ओतत. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसावं. निदान आजी ते सांगताना हसायची.

एका रामनवमीला काकूंनी अंतरपाटाची गोष्ट सांगून संपवली तेव्हा आजी म्हणाली, “काकू, लेकरानं शब्द पाळला हे खरं. पण आईला फसविलंच की.”

काकू काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. आजीनंच दिलेलं उत्पत्तीचं पुस्तक त्यांनी वाचून काढलं होतं. “आणि तुमचा तो अब्राहाम? बायकोला बहीण म्हणून सांगतो, आणि पकडल्यावर म्हणतो, सावत्र बहीण आहेच की. ते काय मग?”

आजीपाशी उत्तर नव्हतं. अब्राहामाचं बोलणं शब्दानं खरंच होतं. गरारच्या राजाची मात्र त्यानं फसगत झाली, आणि फसावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं. नारायणाची गोष्टही पुढं कुठं जाते ते काकूंना माहीत होतंच. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं देशाटन, आणि चोवीस वर्षांनी तो जांबच्या दारात परत उभा राहिला तेव्हा राणूबाईंचे डोळे रडून रडून गेले होते. समर्थांनी हात फिरवला आणि दृष्टी परत आली, अशी कथा आहे. आजीचं लक्ष चमत्काराकडे नसे. ती म्हणे, खोटं न बोलता दिलेला दगाही कुणाला तरी भरावा लागतोच. इथं आईनं भरला.

ख्रिस्ती माणसं या भागात कशी, असं पुण्यामुंबईकडचे लोक अजून विचारतात. त्याचं उत्तर जालन्यात आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढं स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री झाले, जालन्याला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तिथं आलेली बहुतेक घरं मांगांची. आमचं घरही त्यातलंच. शेषाद्रींच्या धाकट्या भावाची, श्रीपतची, हकीकत आजीला तोंडपाठ होती. थोरल्याच्या पाठोपाठ तोही मिशनऱ्यांकडे गेला. वय अवघं बाराच्या आसपास. बापानं कोर्टात धाव घेतली आणि न्यायाधीशानं पोराला बापाच्या हवाली केलं. मग मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईत ब्रह्मवृंदात रण माजलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली, तर त्यांनाच लोकांचा रोष सोसावा लागला. मला वाटतं, आजीला ही गोष्ट आवडायची ती जांबच्या नारायणामुळे. तो बारा वर्षांचा आणि हाही बारा वर्षांचा. एकाला पळता आलं, दुसऱ्याला कोर्टानं परत पाठवलं.

आता 1948. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात, अंबड तालुक्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो 1981 साली. रझाकारांच्या धास्तीनं वर्षभर माणसं घरदार सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत जात होती. रात्री दिवा लावायची चोरी. मग 13 सप्टेंबरला हिंदुस्थानची फौज आत आली आणि 17 तारखेला निजाम शरण आला. दरवर्षी शाळेत झेंडावंदन होतं ते इथपर्यंतच्या गोष्टीचं, आणि ते व्हायलाच हवं. त्यानंतरचे काही आठवडे मात्र म्हातारी माणसं हलक्या आवाजात सांगतात. रझाकारांचा सूड ज्या मुसलमानांवर निघाला त्यातल्या पुष्कळांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं बळींचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल कित्येक वर्षं बासनात होता.

त्या दिवसांत एका संध्याकाळी गावातल्या पिंजाऱ्याची सून तान्ह्या पोराला घेऊन आजीच्या मागच्या दारी आली. नवरा कुठं होता, जिवंत होता की नाही, तिला ठाऊक नव्हतं. आजीनं तिला आतल्या खणात, धान्याच्या कणगीमागं बसवलं. माणूस लपवता येतो, तान्ह्याचं रडणं लपवता येत नाही. पहाटे आजीनं परसातल्या लिंबाचा डहाळा तोडला आणि दाराच्या चौकटीला अडकवला. उंबऱ्याशी गोमूत्र शिंपडलं. चूल पेटवली, पण तेल तापवलं नाही.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं. दाराला लिंब दिसला की घरात देवी आली आहे असं समजायचं. देवी म्हणजे अंगावर फोड यायचे ती, जिनं तेव्हा गावंच्या गावं साफ व्हायची. त्या घरात परका माणूस पाऊल टाकत नसे. बाळंतीण, विटाळशी, मांस-मच्छी, सगळं वर्ज्य. आणि त्या घरात फोडणी द्यायची नाही. चरचर आवाज आणि तळणाचा वास देवीला खपत नाही असं मानत. सकाळी लाठ्याकाठ्या घेऊन पाचसहा जण दारापुढं उभे राहिले आणि आतून पोर रडलं, तेव्हा आजी डहाळ्याखाली उभी राहून म्हणाली, “लेकराला आई आलीया. आत येनार असाल तर या.”

कुणी आलं नाही. पुढं कितीएक दिवस घरात बिनफोडणीचं वरण आणि भाकरी. एका रात्री त्या सुनेचा दीर आला आणि तिला घेऊन गेला.

लिंब उतरला आणि आजीच्या डोक्यातला हिशेब सुरू झाला. एका वाक्यात दोन पापं. पोराला फोड नव्हते हे एक, आणि ज्या देवीला ती मानत नव्हती, गावोगाव हिंडून मानू नका म्हणून सांगत होती, तिच्याच आडोशाला ती उभी राहिली होती. पाद्रीबाबा सायकलवरून आले तेव्हा तिनं आपणहून सगळं सांगितलं. त्यांना खोट्यापेक्षा देवी जास्त बोचली. आजी म्हणाली, “बाबा, ती मानसं देवीला भेत व्हती. माझ्या येशूला कुठं भेत व्हती?” पाद्रीबाबांनी प्रेषितांच्या कृत्यांतले हनन्या आणि सप्पीरा काढले, जमिनीच्या पैशाबद्दल खोटं बोलले आणि जागच्या जागी मेले ते. आजीनं यरीहोची राहाब काढली. धाब्यावर जवसाच्या ताटांखाली तिनं हेर लपवले आणि राजाच्या माणसांना सांगितलं, ते केव्हाच निघून गेले. तिला तर मत्तयानं येशूच्या वंशावळीत बसवलंय.

पाद्रीबाबांच्या पाठीशी मोठी माणसं होती, हे मला खूप पुढं वाचताना कळलं. संत ऑगस्टीननं असत्यावर दोन पुस्तकं लिहिली, एक 395च्या सुमारास, दुसरं 420च्या सुमारास, आणि दोन्हींत त्याचा निकाल एकच: कुणाचा जीव वाचवायलाही खोटं चालणार नाही. त्यानं फर्मस नावाच्या बिशपाचं उदाहरण दिलंय. हा तागास्तेचा, म्हणजे ऑगस्टीनच्याच जन्मगावचा बिशप. त्यानं एका माणसाला लपवलं होतं. बादशहाचे शिपाई आले तेव्हा त्यानं सांगितलं, मी खोटंही बोलणार नाही आणि माणूसही दाखवणार नाही. हाल सोसले, पण बधला नाही. शेवटी बादशहानंच त्या माणसाला माफी दिली.

फर्मसपुढं हात जोडावेत. पण तो बिशप होता. त्याच्या गप्प राहण्याला वजन होतं, ते बादशहापर्यंत पोचलं. वस्तीच्या टोकाला राहणारी मांगाची बायबलबाई दारात उभी राहून ‘मी सांगणार नाही’ म्हणाली असती, तर तेच उत्तर झालं असतं. पुढच्या क्षणी कणगी आडवी झाली असती. खरं बोलू नये, खोटंही बोलू नये, गप्प राहावं, हा तिसरा रस्ता चांगला आहे, पण तो सगळ्यांच्या दारापुढून जात नाही. महाभारतातल्या कौशिकाची गोष्ट कृष्ण अर्जुनाला कर्णपर्वात सांगतो ती याच जातीची. सत्याचं व्रत घेतलेल्या त्या तपस्व्यानं दरोडेखोरांना वाटसरू कुठं लपलेत ते बिनचूक सांगितलं. वाटसरू मेले, कौशिक नरकात गेला. ऑगस्टीनला हा निकाल मान्य झाला नसता.

हॉलंडमधल्या टेन बूम घराण्यातही हाच तंटा होता. ज्यूंना घरात लपवणारं हे कट्टर ख्रिस्ती कुटुंब. त्या घरातल्या कोरीच्या आठवणींत आहे, तिची बहीण नोली खोटं बोलायला तयार नव्हती. शिपायांनी विचारलं तर तिनं घरातली मुलगी ज्यू आहे हे सांगून टाकलं आणि स्वतःही तुरुंगात गेली. नशीब असं की ती मुलगी पुढं सुटली. नोलीचीच मुलगी, शिपायांनी भाऊ कुठं आहेत म्हणून विचारल्यावर, टेबलाखाली आहेत असं म्हणून हसत सुटली. शिपायांनी टेबलक्लॉथ उचलून पाहिला, वरमले आणि निघून गेले. भाऊ टेबलाखालच्या तळघरातच होते. आजीला हे सांगायला मी उशीर केला, नाहीतर ती म्हणाली असती, हे तर अंतरपाटाचंच झालं.

माझं मत विचाराल तर ते आजीकडून आलेलं आहे आणि ते राहाबेपेक्षा पेत्रावर उभं आहे. पेत्रही खोटं बोलला, तीनदा. येशूला मी ओळखत नाही म्हणाला आणि कोंबडा आरवला. राहाबेचं खोटं आणि पेत्राचं खोटं यांत शब्दांचा फरक फारसा नाही. पेत्रानं आपली कातडी वाचवली. राहाबेनं आपली मान पुढं केली. सापडली असती तर आधी तीच मेली असती. दहा आज्ञांतली आज्ञाही शेजाऱ्याच्या विरुद्ध दिलेल्या खोट्या साक्षीबद्दल आहे, आणि आजीची साक्ष शेजारणीच्या बाजूची होती. एवढ्यावर ती सुटली असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ती स्वतःही म्हणत नव्हती. पाद्रीबाबांनी मनाई केली नसताना नाताळपर्यंत ती प्रभुभोजनाला गेली नाही. माझ्या वडिलांनी तिला एकदा विचारलं होतं, पुन्हा तसं झालं तर? “पुन्हा लिंबच तोडीन. पन ते खरं व्हतं असं नाय म्हननार.” ऑगस्टीनला निदान दुसरं वाक्य आवडलं असतं. आणि मला उलट धास्ती वाटते ती ज्यांना हे दुसरं वाक्य सुचत नाही त्यांची. एकदा सत्कारणी खोटं बोलता आलं की मग कारण कुठलंही सत्कारणी वाटू लागतं, आणि आमच्या मंडळीतले जमिनीचे कागद बघितले तर त्याचा पुरावा मिळेल.

ही गोष्ट घरात जशी सांगितली जाते तशी मी सांगितली, पण ती प्रत्येक तोंडी निराळी आहे. काकांच्या तोंडी पाचसहाचे वीस होतात आणि लाठ्यांच्या तलवारी. खोटं बोलण्याच्या या गोष्टीत घरच्यांनी आपापली भर घातलीच आहे. आत्यानं मात्र एक गोष्ट काढली जी काकांना कधी माहीतच नव्हती. तेव्हा ती आठनऊ वर्षांची होती, दाराच्या आडून बघत होती. आजीनं पहाटे तेल तापवलं नव्हतं हे खरं, पण आदल्या रात्री, पिंजाऱ्याची सून उपाशी आली म्हणून, लसणाची सणसणीत फोडणी दिलेली होती आणि तो वास सकाळीही घरभर होता. दारापुढच्या लोकांत एक जण गावातलाच होता, पिंजाऱ्याकडून गाद्या भरून नेणारा. तो उंबऱ्यापर्यंत आला, थांबला, त्यानं नाकानं श्वास घेतला. कणगीकडे बघितलं. मग मागं वळून बाकीच्यांना म्हणाला, “आई आलीया लेकराला. फोड बघितले म्या. चला फुडं.”