बदनाम संघातला इमानदार कॅचर

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक असतो, तसा बेसबॉलमध्ये कॅचर. पण कॅचरकडे आणखी एक काम असते. पुढचा चेंडू कसा टाकायचा, हे तो बोटांच्या खुणांनी पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला सांगतो. म्हणून पिचरने दगाबाजी केली, तर तिचा पहिला संशय कॅचरला येतो. शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या रे शाल्कवर हीच वेळ आली.

शाल्कचा जन्म १२ ऑगस्ट १८९२ चा, इलिनॉय राज्यातला. विसावे वर्ष पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी तो या संघाकडून पहिला सामना खेळला. कॅचर धिप्पाड हवा, अशी तेव्हाची समजूत. शाल्क जेमतेम ५ फूट ९ इंचांचा, पण विलक्षण चपळ. साथीदाराची फेक चुकली तर चेंडू अडवायला तो आपली जागा सोडून पहिल्या बेसपर्यंत धावत जाई. १९१३ ते १९२३ अशी सलग ११ वर्षे तो दर हंगामात शंभराहून अधिक सामने खेळला.

१९१७ मध्ये त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९१९ मध्ये सिनसिनाटी रेड्सविरुद्ध तेच अपेक्षित होते. मात्र संघातल्या काही खेळाडूंनी जुगाऱ्यांशी सौदा केला होता. त्यांत एडी सिकॉट आणि लेफ्टी विल्यम्स हे दोन प्रमुख पिचरही होते. अचूक फेकीसाठी ओळखला जाणारा विल्यम्स दुसऱ्या सामन्यात भरकटला. सहा फलंदाजांना त्याने फुकट बेस दिला. तो खुणा पाळत नाही, अशी तक्रार शाल्कने मॅनेजर किड ग्लीसनकडे केल्याचे सांगितले जाते. उलट डिकी केर हा प्रामाणिक पिचर होता. त्याच्या साथीने शाल्कने दोन सामने जिंकून दाखवले. शाल्कची स्वतःची फलंदाजीही त्या मालिकेत नेहमीपेक्षा सरस झाली. तरीही संघ ३-५ असा हरला.

वर्षभराने बिंग फुटले. २ ऑगस्ट १९२१ ला ज्यूरीने खेळाडूंना निर्दोष सोडले, पण दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांनी आठ जणांवर कायमची बंदी घातली. त्यांतल्या बक वीव्हरने पैसे घेतल्याचे सिद्ध झाले नव्हते. कट माहीत असून तो गप्प राहिला, हा त्याचा गुन्हा ठरला.

शिक्षा आठ जणांना झाली, पण नुकसान उरलेल्यांनीही सोसले. १९२१ मध्ये आठ संघांच्या लीगमध्ये व्हाइट सॉक्स सातवा आला आणि पुढचे लीग विजेतेपद त्याला थेट १९५९ मध्ये मिळाले. 'ब्लॅक सॉक्स' हे नाव साऱ्या संघाला चिकटले. त्यात शाल्कही आला.

तरी तो १९२८ पर्यंत त्याच संघात राहिला. या प्रकरणावर तो पुढेही फारसे बोलला नाही. १९५५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. त्याची कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी फक्त .२५३ होती. निवडणाऱ्यांनी फलंदाजीपलीकडचे काहीतरी पाहिले, एवढे नक्की. गैरव्यवहारात बुडालेल्या संस्थेत सरळ मार्गाने काम करणाऱ्यांचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. शाल्कचा ठेवला गेला, पण त्यासाठी ३६ वर्षे जावी लागली.